पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर : किती टाकावी, कशी टाकावी?

पावसाळ्यात शेतातून व उकिरड्यावरून वाहत आलेले पाणी विहिरीत उतरते. अशा पाण्यातून अतिसार, पटकी, विषमज्वर व कावीळ हे रोग पसरतात. ब्लीचिंग पावडरीमुळे बहुतेक रोगजंतू मरतात. परंतु वास येतो किंवा अपाय होईल म्हणून काही कुटुंबे शुद्ध केलेले पाणी टाळून ओढ्याचे पाणी भरतात. ही भीती कितपत खरी आहे, ते पाहू.

वास म्हणजे विष नव्हे

भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००) पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. क्लोरीनचा वास बहुतेकांना या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतानाच येतो. पाणी काही वेळ उघडे ठेवल्यास तो कमी होतो.

पाण्यात पालापाचोळा कुजलेला असल्यास क्लोरीनशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगे तयार होतात. त्यांचा धोका अल्प आहे; पाणी निर्जंतुक न करण्याचा धोका त्याहून फार मोठा आहे. यासाठी विहिरीतील कचरा वेळोवेळी काढावा. पावडर टाकणे मात्र बंद करू नये.

मात्रा कशी काढावी?

विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी.

पाणी (लिटर) = ३.१४ × व्यास × व्यास × खोली × १००० ÷ ४

उदा. व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असल्यास पाणी सुमारे २८,२६० लिटर होते. दर १००० लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर याप्रमाणे सुमारे ७० ग्रॅम पावडर लागेल. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या किंवा दमट जागी ठेवल्यास तो झपाट्याने घटतो. पाणी गढूळ असल्यास मात्रा जास्त लागते. ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावी.

टाकण्याची पद्धत

१) पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये.
२) बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे व ५ ते १० मिनिटे निवळू द्यावे.
३) वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते.
४) निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी.
५) किमान एक तास पाणी भरू नये. रात्री टाकणे सोयीचे.

एक तासानंतर दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पिवळा रंग आल्यास क्लोरीन आहे असे समजावे. चाचणीचे पाणी पिऊ नये, फेकून द्यावे.

घरात क्लोरीनच्या गोळ्या वापरताना पाणी आधी तुरटीने निवळून गाळून घ्यावे. गोळ्या वेगवेगळ्या शक्तीच्या मिळतात. किती लिटरला किती, हे वेष्टनावर वाचूनच टाकाव्यात व अर्धा तास थांबावे.

हे टाळा

• ठिबक संच धुण्याचे आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवावीत.
• पावडर खते, कीटकनाशके किंवा डिझेलजवळ साठवू नये. कोरड्या, झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.
• फवारणीची बादली या कामी वापरू नये.

क्लोरीनने जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड किंवा कीटकनाशकाचा अंश जात नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही आणि तान्ह्या बाळाला तो विशेष घातक आहे. म्हणून विहिरीजवळ खते साठवू नयेत, पंप धुऊ नयेत आणि पाण्याची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

शेतकरी बंधू-भगिनींनी पिकावरील औषध जसे मोजून वापरले जाते, तशीच ही पावडरही मोजूनच वापरावी.