पावसाळ्यात ड्रॉइंगचं साहित्य कसं जपावं?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. पावसाळ्यात शीटना फुगवटे येतात, सेटस्क्वेअरमुळे कागद काळवंडतो आणि शाईचं पेन अडकतं. काय करू?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कागद हवेतली ओल शोषून फुगतो. म्हणून कोऱ्या शीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात आडव्या ठेवा, जवळ सिलिका जेलच्या पुड्या असू द्या. वापरण्यापूर्वी शीट तासभर खोलीत मोकळी ठेवा, मगच बोर्डावर लावा.

काळेपणा पेन्सिलीच्या ग्रॅफाइटचा असतो. सेटस्क्वेअर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा. स्पिरिट किंवा थिनर लावू नका. अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. सेटस्क्वेअरच्या कडेने ब्लेडही चालवू नका. कडेला एक खाच पडली, तरी प्रत्येक रेघ तिथे अडखळते.

अडकलेली निब कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. ०.२ मिमी किंवा त्याहून बारीक निबमधली तार मात्र ओढून काढू नका. ती वाकली की निब बाद होते. रोज काम संपल्यावर टोपण घट्ट लावून पेन टोक वर करून ठेवा. सुट्टीवर जाताना शाई काढून, पेन धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत ठेवा.