समुद्राची जुनी पातळी

ओहोटीच्या वेळीं खारदांड्याच्या किनाऱ्यावरील खडक लक्षपूर्वक पाहा. कालवें खडकाच्या एका ठराविक पट्ट्यांतच चिकटलेलीं आढळतील. त्याहून फार उंच जागीं त्यांस पुरेसें पाणी मिळत नाहीं. हा पट्टा म्हणजे समुद्रानें स्वतः ओढलेली रेघच होय. परंतु ती पूर्वीं येथेंच होती काय?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक बांधण्यांत आली व ती १८८० सालीं खुली झाली. तिच्या खोदकामांत चिखलाखालीं ३००हून अधिक झाडें सांपडलीं. त्यांपैकीं पुष्कळ बुंधे उभे असून मुळें मातींत रोवलेलीं होतीं. म्हणजे तीं लाटांनीं वाहून आणलेलीं नव्हतीं. झाडें खैराचीं होतीं, आणि खैर खाऱ्या पाण्यांत वाढत नाहीं. अर्थात् एके काळीं ती जमीन भरतीच्या पाण्याहून उंच होती. मात्र समुद्र तिच्याहून किती खालीं होता, हें झाड सांगत नाहीं. तें कालव अधिक नेमकें सांगतें.

काळ कसा ठरवावा? सजीव प्राणी किरणोत्सर्गी कार्बन आपल्या शरीरांत घेतो. तो मेल्यावर हा कार्बन घटूं लागतो व सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. चौथा हिस्सा उरला, तर सुमारें ११,४६० वर्षें लोटलीं असें समजावें. ही रीति विलर्ड लिबी यांनीं शोधिली. त्याबद्दल त्यांस १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें सावधगिरी हवी. समुद्राच्या पाण्यांत जुना कार्बन मिसळलेला असल्यामुळें शिंपला खऱ्याहून कांहीं शतकें अधिक जुना भासतो. ती वजाबाकी करावी लागते. शिवाय, पाणी चढलें कीं जमीन खचली, हें एका जागेवरून कळत नाहीं. म्हणून अनेक देशांचे किनारे ताडून पाहतात. त्यांवरून असें दिसतें कीं, सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं पुष्कळ पाणी बर्फांत अडकलें असल्यामुळें समुद्र आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होता.

मुंबईंत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची मोजणी होत आली आहे. तींत समुद्र हळूहळू चढत असल्याचें दिसतें. दांड्याचीं घरें व होड्या पाण्यालगतच असल्यानें हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

म्हणून किनाऱ्यावरील शिंपला उचलण्यापूर्वीं, तो खडकास चिकटलेला आहे कीं लाटेनें आणून टाकलेला, हें आधीं पाहावें. चिकटलेला शिंपला आपली उंची सांगतो. वाहत आलेला सांगत नाहीं.