रब्बी हंगाम : विहिरीखालचा खडक आणि ओलिताचे पाणी

रब्बीच्या पेरण्या मार्गी लागतात तेव्हा विहिरी आणि विंधनविहिरींना पाणी पुरेसे असते. परंतु त्या पाण्याचा गुण पावसाइतकाच ते ज्या खडकातून झिरपत आले त्यावरही ठरत असल्याने पहिल्या ओलिताआधी त्याचे परीक्षण करून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे. मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे सौम्य आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी या खडकातील खनिजे झिजवते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट सोबत घेऊन येते. असे पाणी जड असले तरी बहुतेक पिकांना मानवते. ठिबक संचात मात्र ड्रीपरच्या तोंडाशी चुनखडीचा पांढरा थर साचून पाणी कमी-जास्त पडू लागते, तेव्हा तज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्लप्रक्रिया करावी आणि ती करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात जाड गाळाच्या थरांतून पाणी अतिशय मंद सरकते, त्यात क्षार साठत जातात आणि सोडिअमचे प्रमाण वाढते. हाच खारपाणपट्टा होय. येथील विंधनविहिरीचे पाणी काळ्या जमिनीला दिल्यास सोडिअम चिकणमातीच्या कणांना चिकटतो, कण विखुरतात, ओली जमीन चोपण होते आणि वाळल्यावर तिच्यावर कडक पापुद्रा धरतो. त्यामुळे क्षारांना हळवा असलेला हरभरा येथे जमिनीतील ओलीवर घेऊन संरक्षित ओलितासाठी शेततळ्यातील पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते. अशी चोपण जमीन सुधारण्यासाठी द्यायच्या जिप्समची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी आणि निचऱ्याची सोय नसल्यास त्याचा फारसा लाभ होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजे, विशेषतः पाण्यात कॅल्शियम कमी असल्यास, सहज विरघळतात. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल अनुज्ञेय मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम असून पाणी उकळल्याने ते जात नाही, म्हणून शेतावरच्या घरासाठी व जनावरांसाठी वापरायच्या पाण्याची ही तपासणी स्वतंत्रपणे करावी. कोकणात भरपूर पावसाने धुपलेल्या जांभ्यातील पाणी हलके व किंचित आम्लधर्मी असते. किनाऱ्यालगत मात्र अति उपशाने समुद्राचे खारे पाणी विहिरीत शिरते.

पाण्यातील एकूण क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास पाणी सामान्यतः निर्धोक, २.२५ पर्यंत निचरा व पिकाची निवड सांभाळून वापरण्याजोगे आणि त्यापुढे बहुतेक पिकांना अयोग्य समजावे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत कार्बोनेट व बायकार्बोनेट किती अधिक आहेत हे दाखवणारे उर्वरित सोडिअम कार्बोनेट लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर गेल्यास ते पाणी सलग देऊ नये.

नमुन्यासाठी पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी घ्यावे आणि त्यावर गट क्रमांक, खोली व तारीख लिहून ते लवकर प्रयोगशाळेत द्यावे. उथळ विहीर आणि खोल विंधनविहीर वेगवेगळ्या थरांतून पाणी घेत असल्याने दोन्हींचे नमुने वेगळे ठेवावेत, शेजाऱ्याच्या अहवालावर विसंबू नये आणि पाणी आटत जाते तसे क्षार दाट होत असल्याने उन्हाळी पीक घेणाऱ्यांनी हीच तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा करून घ्यावी.