आईचे नाव काय?
(अभ्यासपाठ. वाचन : २ राजे ८:१६-२९, मत्तय १:१-१७)



सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, ते कडोदरा. मिलमध्ये नि लूमवर काम करणारी खानदेशातील पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात. त्यांपैकी एका घरी आम्ही प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर घरातील विधवा भगिनीने ट्रंकेतून कागदांची पिशवी काढली व म्हणाली, "भाऊ, तुम्ही लिहिणारे-वाचणारे. आमची वंशावळ तेवढी मांडून द्या. गावच्या जमिनीला लागते आहे." गुजराथेत या कागदाला पेढीनामा म्हणतात, आपल्याकडे वारसनोंदीसाठी तोच वंशवृक्ष.

सातबाऱ्यावर नाव होते, समजा, याकोब दावीद. (खरी नावे येथे देत नाही.) तिच्या परलोकवासी पतीचे नावही याकोब दावीद. आम्ही दहा मिनिटांत कागद लिहून दिला : याकोब दावीद मयत, वारस पत्नी व मुलगा. मुलाचा जमीन विकण्याचा विचार होता, गिऱ्हाईकही ठरले होते. आमचा कागद चुकीचा होता. तो का चुकला आणि पुढे कसा दुरुस्त झाला, हे सांगण्यासाठीच हा पाठ लिहीत आहोत.

आपल्या लोकांत पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत जुनी आहे. ख्रिस्ती झाल्यावर नावे बदलली, रीत राहिली. शिवाय आपण स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावतो. आता हिशेब करा. याकोब दावीदचा मुलगा दावीद याकोब. त्याचा मुलगा आजोबांच्या नावाचा, म्हणजे पुन्हा याकोब दावीद. आडनाव तेच, गाव तेच. आजा व नातू यांचे संपूर्ण नाव अक्षरशः एक झाले. दोघे भाऊ असतील आणि दोघांनीही आपापल्या थोरल्याला बापाचे नाव दिले, तर चुलतभाऊही एकाच नावाचे होतात. पण तेथे बापाचे नाव वेगळे असल्याने निभावते. आजा-नातवाच्या बाबतीत तोही आधार सुटतो.

हा घोटाळा शास्त्र वाचणाऱ्याला नवा नाही. रविवारच्या शाळेतील मुले विचारतात, हेरोद मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मेला, मग प्रेषितांच्या बाराव्या अध्यायात त्याने योहानाचा भाऊ याकोब याला कसे मारले? मुलांचा प्रश्न बरोबरच आहे. पहिला तो थोरला हेरोद. दुसरा त्याचा नातू अग्रिप्पा, त्यालाही तेथे हेरोदच म्हटले आहे. मधल्या पिढीतील हेरोद अंतिपा याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध करविला.

परंतु खरा अभ्यास २ राजे अध्याय ८ मध्ये आहे, आणि तो भाग आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो. इस्राएलात अहाबाचा पुत्र योराम राजा आहे. त्याच वेळी यहूदात यहोशाफाटाचा पुत्र यहोराम राजा होतो. हे दोन्ही एकाच नावाचे उच्चार आहेत. या योरामाच्या आधी इस्राएलात त्याचा भाऊ अहज्या राज्य करीत होता. तिकडे यहोरामानंतर यहूदात त्याचा पुत्र राजा होतो, त्याचेही नाव अहज्या! दोन घराण्यांत दोन योराम आणि दोन अहज्या, तेही जवळजवळ एकाच काळी. नुसती नावे धरून वाचणाऱ्याचे डोके गरगरलेच पाहिजे.

येथे एका स्त्रीला मध्ये उभी करा, म्हणजे गुंता सुटतो. ती अथल्या. वचन १८ प्रमाणे यहूदाच्या यहोरामाची बायको अहाबाची मुलगी होती. वचन २६ मध्ये अहज्याच्या आईचे नाव अथल्या असे दिले आहे. म्हणजे इस्राएलचा योराम हा अथल्येचा भाऊ, आणि यहूदाचा यहोराम तिचा नवरा. दोघे योराम एकमेकांचे मेहुणे! यहूदाच्या अहज्याला इस्राएलचा योराम मामा लागला, व त्याच्या आधीचा अहज्याही मामाच. भाच्याचे नाव मामाचे निघाले. जखमी योरामाला भेटायला अहज्या इज्रेलास का गेला, हेही आता कळते. भाचा मामाच्या समाचाराला गेला होता. इंग्रजीत मामा व काका यांना एकच शब्द आहे, म्हणून तेथील टीकाकारांना हे नाते वाक्य लिहून समजवावे लागते. आपल्याला एका शब्दात समजते.

याच वचनात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. अथल्या अहाबाची मुलगी, आणि अम्री अहाबाचा बाप. पण वचन २६ मधील मूळ इब्री शब्द तिला अम्रीची कन्या म्हणतो. नातीला कन्या म्हणण्याची त्या भाषेची पद्धत आहे. मत्तय १:८ मध्येही योराम व उज्जीया यांच्यामध्ये अहज्या, योवाश व अमस्या ही तीन नावे गाळली आहेत. तेव्हा जुन्या यादीत "याचा पुत्र" दिसले की लगेच एकच पिढी मोजू नये.

राजांच्या ग्रंथांत यहूदाच्या बहुतेक प्रत्येक राजाबरोबर त्याच्या आईचे नाव मुद्दाम दिलेले आहे. यहोराम व आहाज यांचे तेवढे नाही. इस्राएलच्या राजांत यराबाम सोडल्यास ही काळजी घेतलेली नाही. पूर्वी आम्ही ते वाक्य ठरावीक मजकूर म्हणून ओलांडीत असू. आता नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही हेच आहे. भोसले घराण्यात संभाजी किती? जिजाबाईंचे थोरले पुत्र संभाजी, जे कनकगिरीला पडले. सईबाईंचे पुत्र छत्रपती संभाजी, जन्म १६५७, ज्यांना १६८९ मध्ये औरंगजेबाने ठार मारले. आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी, जे १७१४ पासून कोल्हापूरच्या गादीवर होते. १७३१ मध्ये वारणेचा तह संभाजी व शाहू यांच्यात झाला असे मुले पाठ करतात, आणि त्यांतील काही जण गोंधळून विचारतात की बापाने मुलाशी तह कसा केला? तो बाप नव्हे. तह करणारे दोघे चुलतभाऊ. शाहू हे येसूबाईंचे पुत्र, संभाजी हे राजाराम व राजसबाई यांचे.

शिवाजी हे नावही तसेच. जिजाबाईंचे शिवाजी महाराज तर सर्वांना ठाऊक आहेत. पण १७०० मध्ये ज्या शिवाजीला गादीवर बसविले तो ताराबाईंचा मुलगा. आणि येसूबाईंच्या शाहूंचे मूळ नावही शिवाजीच. तीन मातांची नावे घेतली की तीन शिवाजी तीन ठिकाणी जाऊन बसतात. नुसते "दुसरा, तिसरा" असे आकडे लावल्याने हे साधत नाही. आकडे इतिहासकार मागाहून लावतात, घरात कोणी कोणाला "तिसरे" म्हणून हाक मारीत नाही. घरातील शब्द थोरले नि धाकटे. थोरले माधवराव, सवाई माधवराव. ही आपली मराठी रीत.

शाहू म्हटले की आणखी एक फसगत होते. सातारचे शाहू १७४९ मध्ये वारले; कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ मध्ये जन्मले. त्यांचे जन्मनाव यशवंतराव, घराणे कागलचे घाटगे. १८८४ मध्ये चौथ्या शिवाजींच्या विधवा राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले. दत्तकाने बाप बदलतो आणि पुष्कळदा नावही. अशा माणसाचा जन्म नव्या नावाखाली शोधला तर सापडणार नाही.

कडोदऱ्याच्या लोकांना तर दुसरे उदाहरण घराजवळच आहे. बारडोली, व्यारा ओलांडून याच रस्त्याने पुढे गेले की सोनगढ लागते. ते पिलाजी गायकवाडांचे ठाणे. पलसाणे, व्यारा, सोनगढ हा मुलूख पुढे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. या घराण्यातील पहिले दमाजी पिलाजींचे वडील नव्हेत, चुलते. दुसरे दमाजी पिलाजींचे पुत्र. "दमाजी, मग पिलाजी, मग दमाजी" ही यादी पाहून आजा, बाप, नातू असे कोणीही म्हणेल, आणि चुकेल. आमच्या कडोदऱ्याच्या चुकीच्या अगदी उलट ही चूक. फत्तेसिंहराव तर चार तरी आहेत, त्यांतील शेवटचे १९८८ मध्ये वारले. आणि सयाजीराव महाराज, ज्यांची कारकीर्द १८७५ ते १९३९ पर्यंत चालली, ते नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. कवळाण्याची शाखा पिलाजींच्या प्रतापराव नावाच्या मुलापासून आलेली होती. ती वंशावळ नीट जुळली म्हणून शेतकऱ्याचा मुलगा गादीवर बसू शकला.

आता आमच्या चुकीकडे येऊ. आठवड्याने त्या भगिनीचा मुलगा सातबाऱ्याचा नवा उतारा घेऊन आला. (आता तो संगणकावर मिळतो.) त्यात नावाजवळ फेरफाराचा क्रमांक होता. तो फेरफार काढविला तर खरेदीचे साल १९५१! तिच्या पतीचा जन्म १९५८ चा. जन्मापूर्वी सात वर्षे कोणी जमीन घेत नाही. सातबाऱ्यावरील याकोब दावीद हे पती नव्हेत, आजेसासरे. त्यांच्यानंतर नोंद बदललीच नव्हती, कारण बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही. नातू त्याच नावाचा, आणि शेत कसणाराही तोच.

आम्ही तिला विचारले, आजेसासऱ्यांना मुले किती? ती म्हणाली, "माझे सासरे एकटेच." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि दोघी आतेसासू." आम्ही "मुले" म्हटले आणि तिने मुलगे मोजले! यात तिचा दोष नाही. आपण सगळे असेच मोजतो. परंतु ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, आणि मृत्युपत्र नसल्यास त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. म्हणजे ज्या जमिनीचा आम्ही एकच वारस लिहून दिला होता, तिच्यात आणखी दोन घरांचा हक्क होता. खरेदीखत झाले असते तर दोन भावंडांचे आमच्या हस्ताक्षराने बुडाले असते.

मुलगा नाराज झाला. आई म्हणाली, "आत्यांचे आहे ते आत्यांचे." त्या रात्री ती आणखी एक गोष्ट बोलली, तीही उपयोगाची आहे. तिच्या सासूबाई स्वतःच्या मुलाला कधी याकोब म्हणत नसत. सासऱ्याचे नाव तोंडाने कसे घ्यावे? म्हणून मुलाला "बाबू" म्हणत. ज्या जुन्या पत्रांत "बाबूला ताप आहे" असे येते तो नातू, आणि जेथे "याकोबबाबा" येते तो आजा. कागदांनी जे दोघे एक केले होते, ते घरातील सुनेने वेगळे ठेवले होते. तेव्हा म्हाताऱ्या बायांना नाव विचारू नका, हाक विचारा.

मंडळीच्या नोंदवहीविषयी थोडे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव असेल तर ते सर्वांत आधी पाहावे. त्याहून उपयोगी विवाहाची नोंद. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे तीत वर व वधू या दोघांच्याही बापांची नावे, वये व राहण्याचे ठिकाण लिहितात. लग्नानंतर बाईचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. माहेरची ती नि सासरची ती एकच, हे सांगणारा कागद पुष्कळदा तेवढाच असतो. भाषेकडेही लक्ष असू द्यावे. मराठी नोंदवहीतील याकोब गुजराथी मंडळीत याकूब होतो, दावीद दाऊद होतो. सुरतेकडे दोन-तीन पिढ्या राहिलेल्या घरांत एकाच माणसाचे दोन झालेले आम्ही पाहिले आहेत.

धाकट्या आतेसासूचे घर नवापूरला सापडले. थोरली वारली, तिच्या विवाहाच्या नोंदीवरून सासरचे आडनाव मिळाले, आणि तिच्या मुलीचे पत्र मागच्या महिन्यात आले. नवा वंशवृक्ष तिन्ही घरांच्या सह्यांनी तयार आहे. त्यात एक चौकोन अजून रिकामा आहे : थोरल्या याकोबाच्या पत्नीचे माहेर. ती लग्नानंतर ख्रिस्ती झाली, म्हणून मंडळीच्या विवाहनोंदीत ती नाही. धाकटी आतेसासू आता नव्वदीच्या घरात आहे, तिला आईचे गाव आठवते असे म्हणतात. पुढच्या शनिवारी आम्ही नवापूरला जाणार आहोत.