ब्रिटनमधलं लायसन्स: पहिल्या बारा महिन्यांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या आरटीओचं लायसन्स घेऊन इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहायला आलेल्या माणसाला कायद्याने बारा महिने मिळतात. लायसन्सची मुदत शिल्लक असेल तर एवढा काळ त्याच लायसन्सवर कार चालवता येते. एल बोर्ड लावावा लागत नाही, शेजारी कुणाला बसवावं लागत नाही. तेरावा महिना लागला की नाशिक-मुंबई महामार्गावर वीस वर्षं गाडी हाकलेला माणूसही तिथे शिकाऊ ठरतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: सरकारी फी फार नाही, पैसे जातात ते उशिरामुळे.

भारताचं लायसन्स तिथे थेट बदलून मिळत नाही. जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांची लायसन्सं 43 पौंड भरून बदलता येतात. दुबईत परीक्षा देऊन लायसन्स काढलं असेल आणि आता ब्रिटनला बदली झाली असेल, तर आधी हा मार्ग तपासा. पुढची बरीचशी यातायात वाचेल. बाकीच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आरटीओतून 1000 रुपये भरून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना या बारा महिन्यांत एक दिवसाचीही भर घालत नाही.

पहिली पायरी म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्स, आपल्याकडच्या लर्निंगसारखं. ऑनलाइन अर्जाला 34 पौंड, पोस्टाने 43. हा अर्ज पत्ता पक्का झाला की लगेच करा. प्रोव्हिजनल हातात आलं म्हणजे भारतीय लायसन्सवर गाडी चालवणं बंद झालं, असं अनेकांना वाटतं आणि त्या भीतीने ते महिनोन्महिने अर्जच करत नाहीत. तसं काही नाही. बारा महिने संपेपर्यंत तुमची मुभा कायम असते.

थिअरी परीक्षेची फी 23 पौंड. संगणकावर 50 प्रश्न असतात, त्यांतले 43 बरोबर यावे लागतात. त्यानंतर रस्त्याच्या 14 चित्रफिती दाखवतात. धोका आकाराला येऊ लागला की क्लिक करायचं, 75 पैकी 44 गुण हवेत. घाईघाईने ठरावीक लयीत क्लिक केलंत तर त्या चित्रफितीला शून्य मिळतं. पूर्वी हिंदी आणि गुजराती ध्वनिमुद्रण मिळायचं, ते 2014 मध्ये बंद झालं. आता इंग्रजी किंवा वेल्श एवढंच. तयारीसाठी क्लास लावायची गरज नाही. तिथली वाहतूक नियमावली, हायवे कोड, सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येते आणि सराव परीक्षाही तिथेच आहे. निकाल दोन वर्षं चालतो.

खरी अडचण पुढे आहे. थिअरी पास झाल्याशिवाय ड्रायव्हिंग टेस्टची तारीख घेता येत नाही आणि मोठ्या शहरांतल्या अनेक केंद्रांवर पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या तारखा भरलेल्या असतात. देशभरात निम्म्याहून थोडे कमी उमेदवार पास होतात, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाची सोय मनात धरायलाच हवी. पहिले सहा महिने नव्या नोकरीत आणि घर लावण्यात गेले, तर बारा महिन्यांत हे बसत नाही.

टेस्टची सरकारी फी सोमवार ते शुक्रवार दिवसा 62 पौंड, संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी 75. याच तारखा अडवून ठेवून कित्येक पट दराने विकणारे एजंट तिथेही आहेत. त्यांना एक पेनीही देऊ नका. सरकारी संकेतस्थळावर तारीख घ्या आणि रद्द झालेल्या जागा रोज सकाळी स्वतः बघत राहा. तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर कामाचे दहा पूर्ण दिवस आधी कळवा, नाहीतर फी बुडते.

सरकारी फी मिळून 119 पौंड होतात. मोठा खर्च इन्स्ट्रक्टरचा: तासाला साधारण 35 ते 40 पौंड, लंडनमध्ये त्याहून जास्त. गाडी चालवता येत असली तरी आठ-दहा तास जरूर घ्या. तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि हाच फसवा भाग आहे. सगळं ओळखीचं वाटतं, मग हात-पाय जुन्या सवयीने चालतात. आरसे न बघता लेन बदलणं, राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला वाट न देणं, झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा असताना पुढे जाणं, ताशी 20 मैलांच्या रस्त्यावर 26 ने जाणं. परीक्षक 15 पर्यंत किरकोळ चुका चालवून घेतो, गंभीर चूक एकही नाही. जागा असताना निष्कारण थांबून राहणं हीसुद्धा चूकच धरतात. सुरुवातीला 20 मीटरवरची नंबर प्लेट वाचता आली नाही, तर टेस्ट तिथेच संपते. चष्मा असेल तर लावून जा.

इन्स्ट्रक्टरच्या काचेवर हिरवा बिल्ला असेल तर तो पूर्ण पात्र, गुलाबी असेल तर अजून शिकतो आहे. टेस्टच्या दिवशी त्याची गाडी वापरण्याचे सहसा दोन तासांचे पैसे लागतात. हे सगळं धरून पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्याचा खर्च 500 ते 600 पौंडांच्या आसपास जातो. नापास झालात तर पुन्हा फी, पुन्हा गाडीचे पैसे. कामाचे दहा दिवस थांबावं लागतं ते वेगळंच. क्लच-गिअरची सवय असेल तर टेस्ट मॅन्युअल गाडीवरच द्या. ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल चालवता येत नाही, उलट मात्र चालतं.

बारा महिने उलटून गेले असतील तर सरावासाठी शेजारी बसणारा माणूस 21 वर्षांवरचा हवा आणि त्याच्याकडे तिथलं किंवा युरोपीय संघातलं पूर्ण लायसन्स किमान तीन वर्षांपासूनचं हवं. गेल्या वर्षी पास झालेली बायको किंवा नवरा इथे चालत नाही, भारतातली वर्षं मोजत नाहीत. शिकाऊ चालकाचा विमाही वेगळा लागतो. विम्याशिवाय सापडलात तर 300 पौंड दंड आणि लायसन्सवर 6 गुण. पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत 6 गुण जमले की लायसन्स रद्द होतं आणि प्रोव्हिजनलपासून पुन्हा सगळं करावं लागतं. भारतात कितीही वर्षं चालवलेली असली तरी तिथे तुम्ही नवे चालकच असता.

पास झाल्यावर पूर्ण लायसन्सला वेगळी फी नाही. घर बदललं की नवा पत्ता कळवणंही फुकट आहे, न कळवल्यास मात्र दंड 1000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. भारतातलं लायसन्स जमा करावं लागत नाही. सुट्टीत घरी आल्यावर तेच उपयोगी पडतं, म्हणून त्यावरची मुदत आत्ताच बघून ठेवा: मुदत संपून एक वर्ष उलटलं, तर आरटीओत नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.