काचेच्या पेटीतील रात्रपाळी

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसालाही सागरी जीव जवळून पाहता यावेत, या इच्छेतून खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय जन्माला आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये या छंदाने मूळ धरले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालयाचे दालन लोकांसाठी खुले झाले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने ‘दि अक्वेरियम’ हा ग्रंथ लिहून, काचेच्या पेटीत सागरी जीव कसे जगवावेत हे सामान्य वाचकांना समजावून सांगितले. तेव्हापासून देशोदेशींचे हौशी लोक आपल्या घरात समुद्राचा एक लहानसा तुकडा सांभाळीत आले आहेत.

अशा मत्स्यालयाची मांडणी विचारपूर्वक करावी लागते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतील, इतका खारटपणा त्यात कायम राखावा लागतो. तळाशी वाळू पसरतात व तिच्यावर सच्छिद्र खडक रचतात. हे खडक समुद्रातून आणलेले असतील, तर त्यांच्या भेगांमधून आणि छिद्रांमधून असंख्य लहान जीव न बोलावता पेटीत येतात. मालकाने मासे मोजून आणलेले असतात. या पाहुण्यांची मोजदाद मात्र कोणीच केलेली नसते. दिवसा ते दृष्टीस पडत नाहीत. त्यामुळे ज्या पेटीसमोर मालक वर्षानुवर्षे बसत आला, तिच्यातील पुष्कळशा रहिवाशांची त्याला ओळखच नसते. ती करून घ्यावयाची, तर रात्री जागले पाहिजे.

रात्रीच्या निरीक्षणाची रीत साधी आहे. पेटीवरचा दिवा मालवल्यावर निदान अर्धा तास स्वस्थ बसावे. काचेवर टिचक्या मारू नयेत. पांढऱ्या प्रकाशाचा झोत एकदम टाकला, तर बाहेर आलेले जीव क्षणात दडी मारतात. यावर लाल प्रकाशाचा उपाय आहे. समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. त्यामुळे पुष्कळ सागरी प्राण्यांच्या डोळ्यांना त्याची फारशी जाणीव नसते. म्हणून विजेरीच्या तोंडावर पारदर्शक लाल कागद गुंडाळावा आणि मंद उजेडात पाहावे. जवळ वही असावी. दिवा कधी मालवला, कोणता जीव कोठून निघाला, त्याने काय खाल्ले, हे तिच्यात वेळेसह टिपून ठेवावे.

गिरणीचा भोंगा झाला, की दिवसपाळीची माणसे बाहेर पडतात आणि रात्रपाळीची आत येतात. मत्स्यालयातही दिवा मालवताच असाच पालट सुरू होतो. दिवसभर मिरवणारे मासे निजण्यासाठी जागा शोधू लागतात. कोणी खडकाच्या कपारीत अंग चोरून बसतो, तर कोणी वाळूत शिरून स्वतःला पुरून घेतो. काही माशांचे भडक रंग झोपेत फिके पडतात. अंगावर सहा रेघा असलेला एक चिमुकला मासा तर शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याचा पारदर्शक कोश स्वतःभोवती करतो आणि त्यात विसावा घेतो. समुद्रातील कित्येक पोपटमासेही असाच कोश करतात. रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींपासून या कोशामुळे त्यांचे रक्षण होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ती त्यांची मच्छरदाणीच म्हणावयाची! या माशांना पापण्या नसतात. त्यांची झोप उघड्या डोळ्यांची असते. म्हणून नवख्या माणसाला निजलेला मासा आजारी वाटतो.

इकडे खडकाच्या फटीतून एक बारीक बाहू बाहेर येतो. मागोमाग दुसरा येतो. हा भंगुरतारा. तारामाशाचा हा आप्त आपल्या लवचिक बाहूंनी सापासारखा वळवळत वाळूवर उतरतो आणि सांडलेले अन्नकण वेचू लागतो. शत्रूने बाहू पकडला, तर तो तेवढा बाहू तोडून टाकून निसटतो. कालांतराने तेथे नवा बाहू फुटतो. दुसऱ्या भेगेतून गुलाबी रंगाचा एक लांबट किडा डोकावतो. गांडुळाच्या या सागरी भाऊबंदाच्या दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके असतात. ते केस कातडीत रुतले, की आग होते. म्हणून त्याला कधीही हात लावू नये. काचेवर पांढरे ठिपके इकडून तिकडे धावत असतात. भिंगातून पाहिले म्हणजे कळते, की तो प्रत्येक ठिपका म्हणजे झिंग्याच्या दूरच्या नात्यातील एक इवलासा कवचधारी जीव आहे.

रात्रीच्या काळोखाचा या सर्वांना दुहेरी लाभ होतो. दिवसा डोळ्यांनी शिकार हेरणारे मासे आता निजलेले असतात, आणि खाण्याचे पदार्थ तर अंधारातही सापडतात. खुल्या समुद्रात असंख्य सूक्ष्म प्राणी दिवसभर खोल पाण्यात राहतात व रात्री वर येतात. ही मेजवानी साधण्यासाठी अनेक जातींची प्रवाळे आपले बारीक दंशधारी बाहू रात्रीच पसरतात. दिवसा दगडासारखा दिसणारा प्रवाळ तेव्हा फुलांनी बहरलेल्या झुडपासारखा दिसतो.

कधी कधी शांत रात्री पेटीतून ‘टक्’ असा आवाज येतो. काच तडकली, या भीतीने घरातील माणसे धावतात. परंतु काच धड असते. हा आवाज बोटाएवढ्या एका झिंग्याचा असतो. त्याचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. या नांग्याचे दोन भाग एकमेकांवर आपटून आवाज होतो, अशी पूर्वी समजूत होती. २००० साली शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रे घेतली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. नांगा इतक्या वेगाने मिटतो, की पाण्याची चिळकांडी उडून तिच्यात एक बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा कोसळतो, त्याचा हा आवाज! जवळचे लहान भक्ष्य या तडाख्याने बधिर होते. डोळ्यांना जे दिसले नाही, त्याविषयी माणसे किती सहज तर्क बांधतात, याचे हे एक उदाहरण होय.

असे तर्क केव्हा केव्हा जिवावर बेततात. समजा, सकाळी उठून पाहावे तो एक मासा मरून पडला आहे आणि त्याच्या कलेवरावर चार-पाच केसाळ किडे जमले आहेत. मालक संतापून किड्यांना चिमट्याने वेचून काढतो व मारून टाकतो. पण त्यांनीच माशाला मारले, हे कोणी पाहिले? रात्री प्रकाश नसल्यामुळे शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाही. उलट पेटीतील सारेच जीव तो वापरीत राहतात. गर्दी झालेल्या पेटीत पहाटेच्या सुमारास प्राणवायू फार कमी होतो आणि अशक्त मासा दगावतो. किडे येतात ते त्यानंतर. ते कलेवर खातात, म्हणून पाणी लवकर नासत नाही. ज्याने घर झाडले, त्यालाच चोर ठरविल्यासारखे हे होते. शिवाय प्राणवायूची उणीव तशीच राहिल्यामुळे दुसरा मासाही मरण्याचा संभव असतोच.

इंग्लंडमधील ब्रायटन शहरी १८७२ साली एक मोठे मत्स्यालय उघडले. तेथील निसर्गशास्त्रज्ञ हेन्री ली यांनी एक प्रसंग नमूद करून ठेवला आहे. एका हौदातील मंदगती मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले. त्या हौदात तर त्यांचा कोणी शत्रू दिसत नव्हता. शेवटी एके सकाळी शेजारच्या हौदातील ऑक्टोपस त्याच हौदात बसलेला आढळला. आठ बाहूंचा हा प्राणी पाण्याबाहेर येऊन, मधली भिंत ओलांडून शेजारी जात असे, मासा गट्ट करीत असे आणि आल्या वाटेने परतत असे! त्यापूर्वी त्या हौदातल्याच एखाद्या जीवाला दोषी धरून काढून टाकले असते, तर मासे वाचले नसते, आणि एका निरपराध जीवाला मात्र शिक्षा झाली असती.

दुसरा प्रसंग इंग्लंडच्याच कॉर्नवॉल परगण्यातील न्यूकी गावचा आहे. २००९ साली तेथील मत्स्यालयात प्रवाळांची रात्रीतून मोडतोड होऊ लागली. सापळे लावले, तर सकाळी तेही मोडलेले सापडत. अखेर कर्मचाऱ्यांनी साऱ्या खडकांची रचना एकेक दगड उचलून उलगडली. तेव्हा सुमारे १२० सेंटिमीटर लांबीचा, बळकट जबड्यांचा एक सागरी किडा बाहेर निघाला. लहान असताना तो खडकाबरोबर आत आला असावा. कर्मचाऱ्यांनी त्याला मारले नाही. त्याच्यासाठी त्यांनी वेगळी टाकी दिली. घर झाडणाऱ्या गुलाबी किड्याचाच हा दूरचा आप्त, पण येथे अपराध मात्र त्याचा होता. यावरून असे दिसते, की एका किड्याच्या निरपराधपणावरून दुसऱ्यालाही निर्दोष मानता येत नाही, आणि एकाच्या अपराधासाठी साऱ्या कुळाला शिक्षा करणेही न्याय्य नाही. प्रत्येकाची वर्तणूक प्रत्यक्ष पाहूनच निर्णय केला पाहिजे.

घरी मत्स्यालय ठेवणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी असते. भारतात प्रवाळे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र मिळाले. त्यांना समुद्रातून काढणे किंवा त्यांची विक्री करणे हा अपराध आहे. परंतु पाहण्याची आवड असणाऱ्याचे यामुळे काहीच अडत नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खळग्यांत पाणी साठून राहते. ही निसर्गाने मांडलेली मत्स्यालयेच होत. वडील माणसांना बरोबर घेऊन, भरतीची वेळ नीट विचारून, अशा खळग्याशी बसावे. एखादा दगड उचलून पाहिला, तर तो पुन्हा जसाच्या तसा, हलकेच ठेवावा. कारण त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते.

स्वाध्याय

१. दिवा मालवल्यावर मत्स्यालयात कोणते पालट होतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. रात्रीच्या निरीक्षणासाठी लाल प्रकाश का वापरावा?
३. ‘ज्याने घर झाडले, त्यालाच चोर ठरविले’ असे कोणाविषयी म्हटले आहे? का?
४. ब्रायटन व न्यूकी येथील प्रसंगांत साम्य कोणते आणि भेद कोणता?
५. अंगणातील दिव्याभोवती किंवा कुंडीच्या खाली रात्री दिसणाऱ्या जीवांचे तीन दिवस निरीक्षण करा व त्यांची नोंद वेळेसह वहीत लिहा.