गोल्फ आणि कोपराचे दुखणे

कोपराच्या आतील बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी दुखते आणि मूठ आवळली की कळ येते. या विकाराला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. मनगट वाकवणारे स्नायू तेथे हाडाला जोडलेले असतात. काठी फार घट्ट धरल्याने किंवा फटका वारंवार जमिनीवर बसल्याने त्या जोडावर ताण पडतो. हातोडा चालवणाऱ्यांना, धुणे पिळणाऱ्यांनाही हा त्रास होतो.

खेळाडूंनी आधी १० मिनिटे चालून खांदे व मनगटे मोकळी करावीत. पकड सैल ठेवावी. प्रशिक्षकांनी नवशिक्याला पहिल्याच दिवशी शेकडो चेंडू मारू देऊ नयेत. सराव हळूहळू वाढवावा. दुखू लागल्यास खेळ थांबवून फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावावा. करंगळीस मुंग्या येत असल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.